किती झालं?

उदगीरला नळेगाव रोडच्या कोपऱ्यावर माझी गिरणी.
सकाळी आठला पट्टा चढतो
आणि दिवसभर मी दुसऱ्यांचं वजन करते:
चार किलो ज्वारी, दोन किलो गहू,
हरभरा वेगळा, त्याला थांबावं लागेल.

रात्री शटर अर्धं ओढून
त्याच काट्यावर मी चढते.
चपला काढते. बांगड्या काढते.
एकदा तर कानातली फुलंसुद्धा
काढून ठेवली कुणाच्या तरी डब्यावर.
एकशे पाच, चारशे.
काल एकशे पाच, चारशे.
त्या आधीच्या रविवारी एकशे पाच, साडेपाचशे.
दीडशे ग्रॅम म्हणजे किती, हे मला कुणी सांगू नये.
दोन मुठी ज्वारी, वर चार दाणे.

आषाढात नांदेडला ऑपरेशन झालं.
पोटावर पाच भोकं,
आतली पिशवी केळाएवढी ठेवली, म्हणाले पांपटवार डॉक्टर.
बाजूच्या खाटेवर देगलूरची नजमा.
एकच दिवस, एकच टेबल,
आधी ती, मग मी.
तिचे अडतीस गेले. माझे एकोणीस.
तिचा फोन आला की म्हणते, वा गं,
आणि ठेवल्यावर चाळणी
जरा जास्तच जोरात आपटते.

डॉक्टर म्हणतात, प्रत्येकाचं शरीर वेगळं.
दीर म्हणतात, प्लॉट इकला होता, वैनी.
शेजारच्या किराणावाल्याला वाटतं
मी चोरून खाते.
कुणाला सांगू,
चौथ्या महिन्यात केस गेले मूठमूठ,
पिठात पडू नयेत म्हणून डोक्याला फडकं.
गरम पिठाच्या वाफेत उभी राहून
तहानसुद्धा चमच्यानं भागवली.
एक घोट. थांब. एक घोट.
भाकरीचा तुकडा घाईत गिळला
की छातीत खुंटा ठोकल्यासारखा बसतो,
आणि गिऱ्हाईक समोर उभं.

येळवसेला जावेच्या शेतात गेलो.
कोपीची पूजा झाली, पंगत बसली.
"घे की गं द्वारके, भज्जी तर नुसता पालाच हाय."
दोन चमचे भज्जी, उंड्याचा चतकोर,
आंबील ओठाला लावली तेवढीच.
"एवढ्यावर भागतंय व्हय तुजं?"
"आन् तरी उतरंना?"
दोन्ही प्रश्न एकाच बाईनं विचारले,
एकाच दमात.
त्या रात्री एकशे पाच, पाचशे.

जात्याला टाकी लावायला चांदपाशा आला.
म्हणाला, दगड किती झिजला ते
दगडाकडं बघून कळत न्हाई, ताई,
पीठ हातात घ्यावं लागतं.
मी म्हटलं, बाबा रे, माझं पीठ कुठंय?
तो हसला नाही. छिन्नी घेऊन
परत ठाक ठाक सुरू झाला.

मंगळवारी ऐन गर्दीत पट्टा निसटला.
मोटर आणि भिंत यांच्या मधे वीतभर वाट,
तिकडं कायम महारुद्रला पाठवायचं.
तो बहिणीला आणायला अहमदपूरला गेलेला.
बाहेर डबे वाजायला लागले.
गेले, पट्टा चढवला, आले,
गहू ओतला.
रांगेतली एक शाळकरी पोरगी म्हणाली,
मावशी, तुमची पाठ पांढरी झालीय.
हात मागं नेला. पीठ.
पुढं पदरावर पीठ.
अकरा वर्षांचं भिंतीवर साचलेलं,
कुणाकुणाच्या घरचं, शिळं, करडं,
दोन्ही बाजूंनी मला लागलेलं.

दुपारी गिरणी बंद असताना
मी परत एकदा तिथून जाऊन आले.
काही काम नव्हतं.
मोटर अजून कोमट होती.

रात्री काट्यावर चढले,
एकशे पाच, चारशे.
नजमाला फोन लावला नाही.
चपला घातल्या, बांगड्या विसरले,
सकाळी त्या ज्वारीच्या डब्यामागं सापडल्या.

"किती झालं, ताई?"
पहिलंच गिऱ्हाईक, दारातून.
मी काट्याकडं पाहिलं.
पाच किलो, म्हटलं. चाळीस रुपये.