उतार

बागेला आता वेळा आहेत. पाच ते नऊ, चार ते आठ.
गेटावरचा पोरगा विचारतो, मॅडम, पास?
त्याला काय सांगू, या फाटकाची किल्ली
आमच्या घरी कणकेच्या डब्यावर असायची.

घसरगुंडीच्या जागी लाल हृदय, प्लास्टिकचं गवत.
झाडांना पांढरे नंबर:
कडुनिंब एकशे बारा, करंज एकशे तेरा.
पुढे एकदम एकशे पंधरा.
मधलं कवठ होतं.

माग बंद पडला त्या वर्षी बाबा इथे रोजंदारीवर लागले.
शालिक हेडाऊ, पाणी सोडणारे.
गोळीबार चौकातून नंदनवनपर्यंत सायकल,
दांड्याला फावडं, मे महिन्यात डोक्याला ओला दुपट्टा,
खिशात मागावरचं उरलेलं सूत.
दोन खुंट्या ठोकायचे, सूत ताणायचे,
एक डोळा मिटून बघायचे, बराच वेळ.
"पाण्याले ढकलू नोको बाई.
त्याले वाट दाखोव. जाते थे आपल्या मनानं."

मला लाज वाटायची.
वर्गातल्या पोरी घसरगुंडीवर असायच्या
आणि तो माणूस पोटरीभर चिखलात.
एकदा त्यांनी हाक मारली.
मी वळले नाही.
त्या बागेत त्यांनी मला पुन्हा कधी
हाक मारली नाही.

ते गेल्यावर भावानं कपाट उपसलं.
सातबारा नाही, कसला उतारा नाही, म्हणाला,
काय ठेवलं या माणसानं?
विम्याची संपलेली पावती निघाली
आणि सुताची एक गुंडी. ती मी घेतली.

आज नळाचा ओटा शोधत होते.
चार वर्षांची असताना
ओल्या सिमेंटात त्यांनी माझं पाऊल दाबलं होतं.
पेव्हर ब्लॉक. सगळीकडे पेव्हर ब्लॉक.
व्यायामाचं चाक फिरवणाऱ्या बाईनं विचारलं,
नवीन आहात का इथं?
हो म्हटलं.

मग टँकर आला, आणि पाइप निसटला.
"अबे बंद कर ना बे, सारं वाया चाललं!"
पाणी फरशीवर पसरलं,
जरा थबकलं, कुणाला तरी विचारल्यासारखं,
मग बाकाखालून, जिमच्या लोखंडी पायांमधून
डावीकडे वळलं
आणि कापलेल्या कवठाच्या आळ्यात
जाऊन बसलं.

उतारा नव्हता, बाबा.

मी चपला काढून
त्या पाण्यात उभी राहिले, घोट्यापर्यंतही नव्हतं.
पोरगा बघत होता. हसला असेल.
नवाची शिट्टी झाली, लोक निघाले,
मीही निघाले.
गेटापाशी कुणी हाक मारली नाही.
तरी वळले.