उजवं तीन, आवळत

वाघेरा घाटातला रस्ता आता रुंद झालाय.
आम्ही उलटलो त्या वळणावर
कुणीतरी रसवंती टाकली आहे.
एसटी तिथे थांबत नाही.
खिडकीशी बसून मी पुटपुटते:
उजवं तीन, आवळत, बाहेर खडी.
तोवर ड्रायव्हर वळून गेलेला असतो.

सातपूरला एका कारखान्यात मी टायपिस्ट होते.
मिनिटाला अडुसष्ट शब्द, चूक नाही.
रॅलीवाल्यांना नेव्हिगेटर हवा होता,
अक्षर बरं असलेला, गाडीत न ओकणारा.
भाऊ म्हणाला, आमची हेमलता बसेल.
मला तेव्हा सायकलसुद्धा धड येत नव्हती.

काझुहितो कुरामोची, वय एकेचाळीस,
मुंबईहून टॅक्सीने आला,
कलिंगड आणावं तसं हेल्मेट मांडीवर घेऊन.
त्याची कारकीर्द पत्रकात चार ओळींत मावली.
मीच टाईप केली, म्हणून पाठ आहे:
फॉर्म्युला तीन, दोन मोसम.
सुझुका, पावसात तिसरा.
नंतर मलेशिया, थायलंड.
सध्या प्रायोजक नाही.
चौथी ओळ खोडायला सांगितली गेली.

उरलेलं त्याने हरसूलला सांगितलं,
नोट्स लिहायला गेलो त्या दुपारी,
टपरीवर, भजी खाताना,
माझ्याहून मोडक्या इंग्रजीत.
बाप बर्फ लोटायचा ट्रक चालवायचा.
पहाटे दोनला मांडीवर घ्यायचा पोराला;
आयुष्यातला पहिला वेग, ताशी दहा.
खूप पुढे एका मोठ्या संघाने बोलावलं चाचणीला.
अकरा फेऱ्या. बाराव्या फेरीला झेंडा.
फोन करू, म्हणाले.
मग?
त्याने भज्यातली मिरची बाजूला काढली.
तीन वर्षं मी घर बदललं नाही, म्हणाला,
नंबर बदलला असता.

माझं लेफ्ट-राईट इंजिनाच्या आवाजात विरघळायचं.
डावं, उजवं त्याला स्वच्छ ऐकू यायचं.
तर मराठीच ठरली.
फक्त ळ काही केल्या जमेना.
वळण म्हणायला जायचा, वरण व्हायचं.
मोठं वरण, हेमा-सान, मोठं वरण!
आणि आवळत म्हणजे वळण पुढे घट्ट होत जातं,
ते त्याच्या तोंडी आवरत.
मी हसायचे. तो पुन्हा म्हणायचा, आवरत,
जसा दिवसाच्या शेवटी कुणी दुकान आवरत असावा.

तिसऱ्या टप्प्यापर्यंत आम्ही चौदा सेकंदांनी पुढे.
माणसं झाडांवर चढून बसली होती.
तो वेगात असताना चेहऱ्यावर काहीच नसायचं,
नुसते दोन हात, आणि माझा आवाज.
नोट वळणाच्या आधी वाचायची असते,
तो अख्खा माणूस तेवढ्या आधीवर चालत होता.
आणि मी एकदम दोन पानं उलटली.

करवंदीच्या जाळीत आम्ही डोकं खाली, पाय वर.
पट्ट्यांना लोंबकळत त्याने विचारलं,
पान?
मी म्हटलं, पान.
बराच वेळ एक चाक फिरत राहिलं.

आयोजकांना त्याने सांगितलं, ब्रेक.
निकालाचा तक्ता मीच टाईप केला:
कुरामोची. पूर्ण नाही. कारण, ब्रेक.
अडुसष्टच्या वेगाने, चूक नाही.
त्यानंतर कुठल्याच तक्त्यात त्याचं नाव आलं नाही.

जानेवारीत एक कार्ड येतं.
हल्ली तो म्हाताऱ्यांना रिव्हर्स शिकवतो,
अंबाडा बांधलेल्या बायका, थरथरते मास्तर.
फार हळू जातात, लिहितो, पण नोट ऐकतात.
खाली देवनागरीत, शाळकरी अक्षरात: आवरत.

भावाला वाटतं, ब्रेकच. नवऱ्यालाही तेच.
वही माझ्याकडे आहे.
बावीस आणि तेवीस, हरसूलच्या भज्यांच्या तेलाने
चिकटलेली. मी ती सोडवली नाहीत.
उन्हाकडे धरलं
की दोन्ही पानं एकदम वाचता येतात.