कायमचा पत्ता

सतरावं घर बघायला निघालो तेव्हा
इंद्रनीलने बुटांना पॉलिश केलं होतं.
स्वारगेटच्या स्टँडवर नऊ रात्री काढलेल्या पोराचे बूट
इतके चकचकीत, की मीच माझ्या चपला मागे ओढल्या.

आधीच्या सोळा घरांचं थोडक्यात सांगते.
धनकवडीत फॅमिली हवी होती.
बिबवेवाडीत फॅमिली हवी होती, पण शाकाहारी.
कात्रजला टोकनसुद्धा दिलं,
मग मालकांनी आधार कार्ड उलटसुलट करून बघितलं
आणि टोकन परत केलं, मोजून.
वडगावात एकाने मला बाजूला घेऊन विचारलं,
"म्हणजे नक्की काय आहे ते?"
मी म्हटलं, भाडेकरू.

कार्डावरचं नाव मी इथे लिहिणार नाही.
इंद्रनील हे त्याने स्वतः निवडलं, लांबलचक,
कुणी मधेच तोडणार नाही असं.
पुण्यात आठ दिवसांत त्याचं इंद्या झालं.
तो चिडला नाही.
फलटणला बापाने बॅग जिन्यात ठेवली,
त्या बॅगेत सगळ्यात वर चार्जर होता, नीट गुंडाळलेला.
तो कुणी ठेवला
हे त्याला अजून कळलेलं नाही.

सतरावं घर आंबेगाव पठारावर, तिसरा मजला.
गुंजाळबाई ज्वारी निवडत होत्या.
त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ. मग माझ्याकडे.
"पाणी सकाळी सहाला येतं, पाऊण तास. उठणार का कुणी?"
"मला तशीही झोप लागत नाही."
"लागेल," बाई सुपाकडे बघत म्हणाल्या.
"भाडं पाच तारखेच्या आत. बूट बाहेर काढायचे."

याला मोठं मन वगैरे म्हणू नका.
डिपॉझिट त्यांनी एक रुपयाने कमी केलं नाही.
वीस हजार संस्थेचे, सात मी उसने आणलेले,
तीन त्याचे, भेळेच्या गाडीवरचे,
त्या नोटांना चिंचेचा वास.

करारनाम्याच्या टेबलावर टायपिस्टने विचारलं,
"कायमचा पत्ता?"
आणि बोटं हवेत धरून थांबला.
वर पंखा कुरकुरत होता.
इंद्रनील बुटांकडे बघत राहिला.
मी म्हटलं, लिहा, पद्मावती,
दूध डेअरीच्या वर, दुसरा मजला.
माझंही घर भाड्याचंच.
ते टायपिस्टने विचारलं नाही.

पहिल्या रात्री पावणेदोनला फोन.
"ताई, आतून कडी लावली तर चालते ना?"
"चालते."
कडी लागली. निघाली.
पुन्हा लागली.
मी फोन कानाशी धरून बसले.

नंतर सगळं सुरळीत झालं असं नाही.
ऑक्टोबरात गाडी बंद पडली, दोन महिने भाडं आम्ही भरलं.
एकदा चार दिवस त्याने दारच उघडलं नाही.
मी जिन्यात बसून मेथी निवडली.
सहाला आत बादली भरल्याचा आवाज आला,
तेव्हा निवडलेली जुडी दाराशी ठेवून घरी गेले.

यादीत अजून नऊ नावं आहेत.
एक जण येरवड्यात, मित्राच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर.
दोघी रात्रभर हॉस्पिटलच्या बाकांवर,
पेशंटच्या नातेवाईक असल्यासारख्या,
कुणी विचारलं तर सांगायला
एक वॉर्ड नंबर पाठ करून.

काल त्याचा मेसेज आला.
"स्वयंपाकघरातला नळ गळतोय.
गुंजाळबाईंना दोनदा सांगितलं, ऐकत नाहीत.
भाडं वेळेवर देतो मी. ही काय पद्धत झाली?
माणसाने घरात राहायचं कसं?"

मी तो उभ्याउभ्या दोनदा वाचला.
मग लिहिलं, पुन्हा सांग.
या वेळी जरा आवाज चढवून सांग.