डावीकडे कललेला फवारा

साडेआठ. वायरलेस खरखरतो.
टेकडीवरच्या पांढऱ्या खोलीत
आधी ग्वाल्दिनूचा घसा साफ होतो, मग शब्द:
"नैर्ऋत्येला, तीन मैल. एकटा आहे. मोठा."
मी सुकाणू वळवते.
मागे नारिंगी जॅकेटांत बारा माणसं,
ब्रेमेनचं एक जोडपं,
आणि लिस्बनचा तो पोरगा, ज्यानं धक्क्यावरच विचारलं:
नाही दिसला तर पैसे परत ना?
पैसे नाहीत, म्हटलं. दुसरी फेरी फुकट.

आमच्या पिकू बेटावर देवमासा आधी जमिनीवरून दिसतो.
आईच्या लहानपणी त्याच खोलीतून बार उडायचा,
आणि काळ्या दगडांच्या बांधांतले द्राक्षवेल तसेच टाकून,
भरल्या ताटावरून, मयतीतूनसुद्धा
माणसं होड्यांकडे पळत सुटायची.
बार उडवणारा ग्वाल्दिनूच. मिसरूड फुटायचं होतं तेव्हा.
त्याच्या बोटाच्या टोकावरून बोटी निघत,
बोटींतून भाले.
माझ्या आजोबांची दोन बोटं त्याच दिशेला गेली,
सुटत्या दोराबरोबर.
घरातला दिवा त्या तेलावर जळायचा.
हे कुणी लपवत नाही. मिरवतही नाही.

खोली तीच, भिंतीतली फट तीच, दुर्बीणही.

तीन मैल, नैर्ऋत्य. इंजिन बंद.
पाणी.
शिशासारखं जड, नुसतं पाणी.
पोरगा आल्याचं बिस्कीट चघळत
माझ्याकडे बघतोय, पाण्याकडे नाही.
"दिसतोय ना?" वायरलेस विचारतो.

गेल्या रविवारी चर्चबाहेर
त्यानं माझा हात हातात घेतला
आणि हाक मारली माझ्या बहिणीच्या नावानं.
दोन्ही डोळ्यांवर दुधाची साय.
कधीपासून?
मंगळवारी पूर्वेला म्हणाला,
आम्हाला दक्षिणेला सापडला.
वारा बदलला असेल, असं मीच मला सांगितलं,
जसं काही वारा देवमाशाला ढकलतो.

तेवढ्यात आग्नेयेला, चांगल्या दीड मैलावर,
ठेंगणा, झुडपासारखा, डावीकडे कललेला फवारा.
असा दुसऱ्या कुणाचा नसतो.

"दिसला," मी म्हणाले.
"अगदी तू सांगितलंस तिथंच."

आम्ही पोचलो तेव्हा तो श्वास साठवत होता.
सुकल्या अंजिरासारखी पाठ,
एकेक उच्छ्वास लोहाराच्या भात्यासारखा.
ब्रेमेनची बाई जर्मनमध्ये मोजत होती,
बेचाळिसाला थांबली.
पाठ वाकली, शेपूट उभी राहिली,
तिच्या कडांवरून पाणी निथळलं
आणि नेमका त्याच क्षणी
पोरगा दुसऱ्या बाजूला वाकून ओकत होता.
तोंड पुसत वळला: "मला दिसला नाही.
मग दुसरी फेरी फुकट का?"
सगळे हसले. मीही.

परतताना वायरलेस पुन्हा खरखरला.
"फवारा कुठं कलला होता?"
"डावीकडे."
"हं."
बराच वेळ नुसती खरखर.
मग: "इंजिन परत सुरू केलंस तू, इल्दा.
सोळा मिनिटं चालवलंस. जिथं होता
तिथंच होता, तर गेलीस कुठं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
धक्का जवळ येत होता, दोर हातात घ्यायला हवा होता.

"कान आहेत अजून," तो म्हणाला.
"मुलांना सांगू नकोस."

उद्या साडेआठला, मी म्हणाले.
साडेआठला, तो म्हणाला,
आणि आधी घसा साफ केला.