फेब्रुवारीची वाट

दंडावरच्या पट्ट्यात फोन, फोनमध्ये सेप्पोची वाट,
निळी, बारीक, शिवणीच्या दोऱ्यासारखी.
पोस्टातला सेप्पो. 'अकरा किलोमीटर,
चढ जवळजवळ नाहीच,' एवढंच म्हणाला होता.

हिल्का धावते.
बर्चची पिवळी पानं बुटाखाली ओली.
लाकडाच्या वखारीपाशी डावीकडे. बरोबर.
सौनाच्या धुराड्यामागून, एका कुत्र्याच्या भुंकण्यातून. बरोबर.
कानातली बाई सांगते: सरळ.

आणि सरळ पाणी आहे.

काळं, रुंद, ऑक्टोबरचं.
पलीकडच्या काठावर कुणाची तरी पालथी होडी.
दोरा मात्र थांबत नाही,
तळ्यात शिरतो,
मधोमध एका जागी अडखळतो, गाठ पडल्यासारखा,
मग पुन्हा सरळ.

ती तारीख बघते. फेब्रुवारी.

म्हणजे इथूनच गेला तो,
हातभर जाड बर्फावरून,
आणि त्या गाठीपाशी थांबला. कशाला?
बुटाची नाडी?
की खालून बर्फ काही बोलला?

'सरळ,' बाई म्हणते.
हिल्का कपाळ पुसते, मग काच पुसते.
ठिपका काठावर लुकलुकतो,
पाण्यात पाय घालायला न धजणाऱ्या पोरासारखा.

घरी जायला रस्ता आहे, लांबचा, डांबरी.
ती अजून उभीच.
उद्या पोस्टात विचारायला हवं,
तिथं काय ऐकलंस.