धुपाटणं उशिरा

दिब्ब्याच्या गढीला बायकांचा दरवाजा वेगळा,
बुटका, समुद्राकडे तोंड केलेला.
त्याची किल्ली माझ्या कमरेला.
मी मैमुना सारंग, दाभोळची.
शेखा ऊशांचे झगे शिवायला आले दोन महिन्यांसाठी
(नाव ऐकून वाटलं होतं, आपल्याकडचीच कुणी उषा),
त्याला झाली एकोणीस वर्षं.

त्या साली आमच्या शेखांनी
खाडीपलीकडचे सतरा पाणबुडे धरून ठेवले, गलबतासकट.
मोत्यांच्या कुठल्याशा उथळावरून भांडण.
त्यांचा माणूस बैठकीत आला,
कॉफीचा पेला ओठाला न लावता खाली ठेवला
आणि गेला.
न प्यालेली कॉफी इथे
बंदुकीपेक्षा लांब ऐकू जाते.

मग बाळंतविड्याचं निमित्त काढून
त्यांच्या घरच्या थोरल्या आल्या, शेखा गाया.
डाव्या कानाने ठार बहिऱ्या.
मी उजव्या कानाशी बसले.

रीत अशी, की ऊद फिरला की पाहुण्याने उठायचं.
कोळसे केव्हाचे फुलले होते.
शेखा ऊशांनी डोळ्यांनी खुणावलं, आण.
मला दिसलंच नाही.
राख फुंकली. चिमटा शोधला,
जो माझ्या हातातच होता.
खजुरांचं ताट पुन्हा फिरवलं.
दोघी बाळाच्या नाकाबद्दल बोलल्या,
बुरख्याची नीळ महागली त्याबद्दल,
आणि नीळ मुंबईचीच चांगली, यावर
दोन्ही घराण्यांचं एकमत झालं.

तेव्हा कुठे शेखा गाया म्हणाल्या,
सतरातला एक माझ्या दाईचा मुलगा.
एका छातीचं दूध प्यालोय आम्ही.

शेखा ऊशा भिंतीकडे बघत पुटपुटल्या,
"चोराची बहीण."

"काय म्हणाल्या?" गायांनी कान पुढे केला.
बहिऱ्या माणसाला सांगायचं तर मोठ्यानेच सांगावं लागतं,
लपवायला जागाच नाही.
"म्हणतायत," मी सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हटलं,
"भावासाठी बहीण आली,
आता हा दोन घरचा प्रश्न राहिला नाही."

एक दासी पंखा हलवायची थांबली.
बाळसुद्धा.
शेखा ऊशांनी माझ्याकडे पाहिलं,
सुईच्या नेढ्यात दोरा ओवताना बघतात तसं,
एक डोळा बारीक करून.
मग हळूच मान हलवली.
"हो," म्हणाल्या. "तेच म्हणाले मी."

मी धुपाटणं आणलं.
घाईत बोट भाजलं, डावं, करंगळीशेजारचं.

आठव्या दिवशी सतराजण सुटले.
कागद पुरुषांनी लिहिला, शिक्के मारले,
शेखांच्या दिलदारपणावर कुणी कवन केलं,
त्यात शिवणारीण कशी असेल?
सुटलेल्यांपैकी कुणी माझं तोंडही पाहिलेलं नाही.

शेखा ऊशा त्याबद्दल कधीच बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी फक्त एक झगा पुढ्यात टाकला.
"शिवण उसव आणि पुन्हा घाल.
या वेळी टाका मलासुद्धा दिसता कामा नये."

रात्री भावाला पत्र लिहिलं.
खुशाल आहे. पैसे बोटीने पाठवते.
काम तेच, शिवणाचं,
डोळे अजून चांगले आहेत.
बोटाला जरा चटका बसलाय,
म्हणून अक्षर वाकडं.