भरल्या ताटावरचा उपास

गोळी तिकोनी आहे, पांढरी.
तळहातावर ठेवली की आपल्या बेटासारखीच दिसते:
तीन कोपरे, तीन विझलेले ज्वालामुखी.
तू हसलास, टावाके. "म्हणजे रोज सकाळी
मी बेट गिळतो की काय?"
गिळतोस. खोटं नाही ते.

आई नऊ वर्षांची असताना बोटीतून माणसं आली,
रक्त तपासणारी, डोकी मोजणारी.
काहींनी नुसती माती नेली, नळ्यांत भरून.
आई सांगायची, आम्हाला वाटलं,
यांच्याकडे माती नसेल बिचाऱ्यांकडे.
त्या मातीत एक जंतू निघाला,
जंतूच्या अंगात हे औषध.
बेटाला कुणी विचारलं नाही.

सांतियागोत, तिसऱ्या मजल्यावर, डॉक्टर ओयार्सून
जेवणाच्या ट्रेमधला कागद उलटा करून
पेशी काढतात. वाटोळी.
मला ती आईची मानावाई वाटली,
दगड रचून केलेली गोल बाग,
वारा बाहेर, तारो आणि केळ आत.
"आत कचरा रिचवणारी पिशवी असते," त्या म्हणतात,
"तिच्या पाठीवर एक प्रथिन येऊन बसतं आणि विचारतं,
ल्युसिन आलं का? आर्जिनिन? साखर किती उरली?"
ल्युसिन येतं, तेव्हा एक प्रथिन
दुसऱ्याचा धरलेला हात सोडतं,
सुटलेलं ते तिसऱ्याच्या कानाला लागतं,
निरोप वर पोचतो, आणि हे म्हणतं: वाढा.
मग विणकाम सुरू. एकाच्या दोन.

आणि निरोप नाहीच आला तर?
तर हात आखडायचा.
घरातलीच मोडकी भांडी वितळवायची,
जुनं तेच शिजवून दिवस काढायचे.
आई हे करायची. वर्षातून एकदा बोट यायची,
कधी दीड वर्षाने.
तिला कुणी पेशी शिकवली नव्हती.

गोळी काय करते, मी विचारलं.
डॉक्टर पेन टेकवून थांबल्या.
गोळी खोटं बोलते.
दुसऱ्या एका प्रथिनाला हाताशी धरते
आणि त्या विचारणाऱ्याचं तोंड दाबते.
तुझ्या रक्तातले पहारेकरी, ज्यांची फौज झाली असती,
जे माझ्या मूत्रपिंडावर तुटून पडले असते,
ते भरल्या ताटावरून उठतात,
दुष्काळ पडलाय असं समजून.

माझं म्हणते मी अजून. सवय.

पण खोटं एकालाच ऐकू जात नाही.
मेमध्ये तू वालपराइसोच्या धक्क्यावर घसरलास,
ती नडगीवरची जखम,
तिथल्या कातडीनेही ऐकलंय: दुष्काळ.
मिटतच नाही.
दर रविवारी मी ती दोऱ्याने मोजते, दोरा तोडते.
तुकडे काडेपेटीत आहेत. सात.
पाचवा चौथ्याहून लांब होता.
त्या रविवारी मी तुला चुकीचं सांगितलं.

आजचा आठवा. शेजारी ठेवून पाहिला,
नखाएवढा आखूड, कदाचित
मी जास्त ताणला असेल.

तू दोन रताळी खाल्लीस, सालासकट,
इथल्या बाजारातली, पाणचट,
आणि बोटं चाटून तिसरं मागितलंस.
मी वाढलं.
आत कुणाला कळू देऊ नकोस.